कर कोणी भरावयाचा?

मुंबई महानगरपालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावर रकान्यांची मोठी गर्दी असते. सर्वसाधारण कर, जलकर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर. या गर्दीत ‘रोजगार हमी उपकर’ नावाचा एक रकाना आहे. राहत्या घराला तो लागू नाही. चिंचपोकळीच्या एखाद्या जुन्या चाळीत वर खोल्या आणि तळमजल्यावर वाण्याचा किंवा पिठाच्या गिरणीचा गाळा असेल, तर तो भार गाळ्यावर पडतो. हा उपकर कशासाठी, असे गाळेवाल्याला विचारले तर त्याला बहुधा सांगता येणार नाही. बिलाचे पैसे घेणाऱ्या कारकुनालाही कदाचित येणार नाही. महाराष्ट्रात एके काळी राज्यकर्त्यांनी जनतेला उघडपणे सांगितले होते की, अमुक कामासाठी पैसा लागणार आहे आणि तो अमुक लोकांनी द्यावयाचा आहे. त्या काळाची ही उरलेली खूण आहे.

१९७२-७३ च्या दुष्काळात या राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्याआधी वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग सुरू करविला होता. दुष्काळाने त्या प्रयोगाला राज्यव्यापी योजनेचे रूप दिले, आणि मागेल त्याला काम देण्याचे बंधन शासनावर घालणारा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. हे पुष्कळांना ठाऊक आहे. पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे ते असे की, कायदा होण्यापूर्वीच पैशाची तरतूद झालेली होती. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातील नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांनी आपापल्या मिळकतीच्या पायरीप्रमाणे हा कर द्यावयाचा. बागायती जमिनीवर, मोटारगाड्यांवर, शहरांतील बिगरनिवासी मालमत्तेवर जादा आकारणी व्हावयाची. आणि जेवढी रक्कम जमेल तेवढीच शासनाने आपल्या तिजोरीतून घालावयाची, अशी ती योजना होती.

त्या कराविरुद्ध मुंबईत बंड झाले नाही. याचे श्रेय केवळ राज्यकर्त्यांच्या शहाणपणाला देणे भाबडेपणाचे ठरेल. दुष्काळग्रस्तांचे लोंढे शहरात येऊ नयेत, हा स्वार्थ त्यामागे होताच. परंतु लालबाग, परळ, चिंचपोकळी या भागांत त्याहून जवळचेही एक कारण होते. येथील गिरण्यांत, गोदीत, रेल्वेच्या कारखान्यात राबणारा माणूस सातारा, सांगली, कोल्हापूर वा रत्नागिरीचा होता. त्याचे अर्धे कुटुंब गावी होते. माण, खटाव, आटपाडी या तालुक्यांत पाऊस हुकला की त्याची मनीऑर्डर वाढत असे. एक भाऊ साच्यावर आणि दुसरा नाल्याच्या बांधावर खडी फोडतो आहे, अशी घरे एकेका चाळीत कितीतरी असत. शहराने गावासाठी कर द्यावयाचा, हे तत्त्व या माणसाला कोणी समजावून सांगावे लागले नाही. ते तो दर महिन्याला टपाल कचेरीच्या खिडकीशी आचरीत होता.

पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. राजकारणाची भाषाही बदलली. करासंबंधी बोलताना पुढारी दोनच शब्द उच्चारू लागले: माफी आणि सवलत.

फेब्रुवारी २०१७ ची मुंबई महापालिकेची निवडणूक आठवावी. राज्यात एकाच मंत्रिमंडळात बसलेले शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष त्या वेळी परस्परांविरुद्ध लढले. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करू, असे शिवसेनेचे वचन होते. निकाल लागला तेव्हा २२७ जागांपैकी शिवसेनेला ८४ आणि भाजपला ८२ मिळाल्या होत्या. मार्च २०१९ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, फडणवीस मंत्रिमंडळाने अर्धामुर्धा निर्णय घेतला. त्यात केवळ सर्वसाधारण कर माफ झाला आणि बाकीचे रकाने तसेच राहिले. पूर्ण माफी जाहीर झाली ती जानेवारी २०२२ मध्ये, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना. त्या वेळी महापालिकेची पुढची निवडणूक हाकेच्या अंतरावर आहे असा सर्वांचा समज होता. (ती निवडणूक प्रत्यक्षात जानेवारी २०२६ मध्ये झाली. तोवर जवळजवळ चार वर्षे या महानगराचा कारभार लोकांनी न निवडलेल्या प्रशासकाने पाहिला. कर भरणाऱ्याला विचारणारा नगरसेवकच नव्हता.)

या माफीचा लाभ १६ लाखांहून अधिक घरांना झाला आणि वार्षिक उत्पन्नातून सुमारे ४६२ कोटी रुपये गेले. २०२५-२६ मध्ये ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प मांडणारी महापालिका त्याने बुडाली, असे कोणी म्हणू नये. आक्षेप रकमेवर नाही, मोजपट्टीवर आहे. माफी चौरस फुटांवर दिली गेली. मिळकतीवर नव्हे, घराच्या मोलावरही नव्हे. ज्या शहरात २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आकारला जातो, तेथे माफीसाठी मात्र मूल्याकडे डोळेझाक करण्यात आली. मलबार हिलवरील लहान सदनिका गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवणारा आणि काळाचौकीला आयुष्यभराच्या कमाईतून एक खोली-स्वयंपाकघर घेणारा, दोघेही एका रांगेत आले. आणि ज्याच्या नावाने हे सारे झाले, तो ना. म. जोशी मार्गावरच्या जुन्या चाळीतील भाडेकरू? त्याच्या हाती मालमत्ता कराचे बिल कधी पडतच नव्हते. ते इमारतीच्या मालकाच्या नावे असते. त्याची चिंता गळके छप्पर आणि टेकू दिलेला सज्जा ही होती. त्याला कस्तुरबा आणि केईएम रुग्णालयांत खाट हवी होती, मुलांना महापालिकेच्या शाळेत मास्तर हवे होते. या गोष्टी मालमत्ता करातूनच होतात, हे त्याला कोणत्याही पक्षाने सांगितले नाही.

जकातीचे उदाहरणही याच जातीचे आहे. जकात हा न्याय्य कर होता असे म्हणता येणार नाही. नाक्यावर भरलेला पैसा शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाई आणि नाक्यांवरचा भ्रष्टाचार जगजाहीर होता. तथापि तो महापालिकेचा स्वतःचा पैसा होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, आणि भरपाईचा सुमारे ६४७ कोटींचा पहिला धनादेश राज्याच्या अर्थमंत्र्यांनी महापालिकेत येऊन दिला. त्या समारंभात दोन्ही पक्षांच्या नगरसेवकांची घोषणाबाजी झाली. देशातील सर्वांत धनाढ्य महापालिका त्या दिवसापासून मंत्रालयाच्या मासिक हप्त्यावर अवलंबून राहू लागली, यावर मात्र कोणाची घोषणा नव्हती.

याहून मोठा खेळ २०२४ मध्ये झाला. लोकसभेला महाराष्ट्रात महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या. निकालानंतर महिना होण्यापूर्वीच, २८ जून रोजी, तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. दरमहा १,५०० रुपये, वार्षिक खर्च ४६ हजार कोटी. महाविकास आघाडीने आधी तिजोरीच्या नावाने गळा काढला आणि नंतर आपण ३,००० देऊ असे आश्वासन दिले. महायुतीने २,१०० चा शब्द दिला. म्हणजे तुटीची चिंता करणारा पक्ष दुप्पट तूट करावयास निघाला होता. नोव्हेंबरात महायुतीतील तीन मुख्य पक्षांना २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि कर्ज सव्वानऊ लाख कोटींहून अधिक दाखविण्यात आले. २,१०० चा उल्लेख त्यात नव्हता.

या योजनेला ‘रेवडी’ म्हणून हिणविण्याची पांढरपेशांत चाल आहे. समाजवाद्याने त्यात सूर मिसळू नये. लालबागच्या खोलीत पोळ्या लाटून चार डबे पोहोचविणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या नावावरच्या खात्यात १,५०० रुपये येणे म्हणजे काय, हे रेवडी म्हणणाऱ्याला समजणार नाही. शिवाय त्याने आपल्याला मिळालेल्या रेवड्यांची मोजदाद कधी केलेली नाही. २०२०-२१ मध्ये घरखरेदीवरील मुद्रांक शुल्क काही महिन्यांसाठी पाचावरून दोन व तीन टक्क्यांवर आणले गेले. बांधकाम व्यावसायिकांनी भरावयाचे अधिमूल्य २०२१ च्या अखेरपर्यंत निम्म्याने कमी करण्यात आले. तेव्हा त्याला अर्थव्यवस्थेची चालना म्हटले गेले. बिल्डरला सोडलेला रुपया आणि बाईच्या हाती दिलेला रुपया तिजोरीतून सारखाच जातो.

योजनेवरचा खरा आक्षेप असा की, पैसा कोणाकडून घ्यावयाचा हे ठरविल्यावाचून तो वाटण्यात आला. असे झाले की पैसा सर्वांत दुबळ्याच्या खिशातून काढला जातो. झालेही तसेच. २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी रुपये या योजनेकडे वळविण्यात आले, आणि खात्याच्या मंत्र्यानेच त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली. वसतिगृहातील दलित मुलाच्या ताटातून काढून त्याच्या आईच्या खात्यात घालावयाचे, यास कल्याणकारी राज्य म्हणत नाहीत. दुसरीकडे, निवडणुकीपूर्वी अर्जांची छाननी कोणाला नको होती; निवडणुकीनंतर ती आठवली आणि जुलै २०२५ पर्यंत २६ लाखांहून अधिक नावे संशयित ठरली. कर बसविण्याचे धैर्य नसले की शासन असे नावे खोडीत बसते.

हा रोग महाराष्ट्रापुरता आहे असेही नव्हे. ब्रिटनमध्ये लिझ ट्रस यांच्या हुजूर पक्षीय सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये भरपाईचा विचार न करता ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पौंड कोसळला आणि पंतप्रधानांना सात आठवड्यांत जावे लागले. मजूर पक्षाने यातून धडा घेतला तो उलटा. जुलै २०२४ च्या निवडणुकीत प्राप्तिकर, राष्ट्रीय विमा वर्गणी, मूल्यवर्धित कर यांना हात लावणार नाही अशी शपथ त्याने घेतली; ३४ टक्क्यांहून कमी मतांवर ६५० पैकी चारशेहून अधिक जागा मिळविल्या; आणि ऑक्टोबरात पहिल्याच अर्थसंकल्पात मालकांच्या विमा वर्गणीत वाढ करून सुमारे ४० अब्ज पौंडांची करवाढ केली. मालकांवर कर बसविणे चुकीचे नव्हते. ते मतदारांपासून लपवून ठेवले, हे चुकीचे होते. कारण लपवून बसविलेल्या कराच्या बचावाला रस्त्यावर कोणी उतरत नाही. १९७५ च्या व्यवसाय करामागे दुष्काळी कामांवरच्या लक्षावधी लोकांचा आवाज उभा होता, म्हणून तो टिकला.

टिकला, पण कसा? राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने व्यवसाय करावर प्रथम वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली, आणि तेथेच ती गोठली. दरमहा १० हजारांहून अधिक वेतन घेणारा पुरुष आज महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असे मिळून २,५०० रुपये भरतो. (स्त्रियांना २०२३ पासून २५ हजार वेतनापर्यंत सूट आहे, हे योग्यच झाले.) चिंचपोकळीत एखाद्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्याच्या फाटकाशी बारा तास उभा असणारा पहारेकरी २,५०० रुपये भरतो, आणि त्याच फाटकातून ज्याची मोटार आत जाते तो कंपनीचा संचालकही २,५०० रुपयेच भरतो. शहराने गावाचे ऋण फेडावे म्हणून जन्मलेला कर गरीब आणि श्रीमंत यांना एकाच मापाने मोजू लागला आहे. रोजगाराचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीच्या जागी नवा कायदा आणला आणि त्यातील खर्चाचा ४० टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यांवर टाकला. हा पैसा महाराष्ट्र कोठून आणणार? पुन्हा एखाद्या वसतिगृहाच्या तरतुदीतून?

व्यवसाय कराची मर्यादा १२ हजारांवर न्यावी, अशी शिफारस चौदाव्या वित्त आयोगाने केलेली आहे. ती २०१५ च्या फेब्रुवारीत संसदेपुढे आली. तिच्यासाठी घटनादुरुस्ती हवी आणि ती दिल्लीत व्हावयाची आहे. तेथे या राज्यातून ४८ खासदार जातात, सत्ताधारीही आणि विरोधकही. मालमत्ता कराची माफी घराच्या मोलाशी आणि कुटुंबाच्या मिळकतीशी जोडावयास तर दिल्लीलाही जावे लागणार नाही. ते विधिमंडळाच्या एका अधिवेशनाचे काम आहे.