रापी, आरी आणि मेणदोरा

चामड्याच्या कामाची हौस धरणाऱ्या वाचकांनी आरंभीच पाकिटाच्या मोहात पडू नये. चष्म्याचे साधे घर करावे. चामडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले घ्यावे. ते ओलसर करून दाबले की ठसा उमटतो. क्रोमने कमावलेल्यावर तो नीट टिकत नाही. २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभलेल्या कोल्हापुरी चपलेचे चामडे याच रीतीचे. आणि हिरडा तर आपल्या आदिलाबादच्या रानातलाही!

रापीला धार हवी. बोथट रापीस जोर लावावा लागतो आणि ती घसरून बोटावर येते. शिवणीसाठी आरीने समान अंतरावर भोके पाडावीत. मग मेण लावलेला एकच दोरा, त्याच्या दोन्ही टोकांस सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्हीकडून टाका. एक टाका तुटला तरी सारी शिवण उसवत नाही.

हे सारे आम्ही प्रथम पुस्तकावरून करू गेलो आणि चांगला तुकडा वाया घालविला. अखेर बाजारातील एका वृद्ध चर्मकारांकडे गेलो. त्यांनी आमच्यासाठी स्टूल मागविले, स्वतः मात्र जमिनीवरच! आम्हीही खाली बसलो. "गुरुजी, हात सैल सोडा," ते म्हणाले. शिकवणीचे पैसे घेताना ते फार संकोचले. वाचकहो, ते आग्रहाने द्यावेत. आपली हौस ती त्यांची रोजी आहे.