आसनांमधली किल्ली

दोन आसनांच्या मध्ये, गियरच्या दांड्यामागे किल्ली लावण्याची साब मोटारीची रीत पाहणाऱ्यास प्रथमदर्शनी निव्वळ लहर वाटे. परंतु अपघाताच्या धक्क्यात चालकाचा गुडघा किल्लीवर आदळून जायबंदी होऊ नये, आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकल्यावाचून किल्ली हाती येऊ नये, हे दोन हेतू ध्यानी घेतले म्हणजे, 1937 साली विमाने बांधण्याकरिता स्थापन झालेल्या या स्वीडिश कंपनीने मोटारीच्या धंद्यातही इंजिनिअरचा शब्द अखेरचा मानला होता, हे उमगते.

या मोटारींची निम्मी मालकी 1990 साली डेट्रॉइटच्या जनरल मोटर्सकडे गेली आणि उरलेली 2000 साली. साबचा मोटारविभाग त्या वेळी तोट्याने जर्जर झालेला होता. अमेरिकन पैसा आला नसता तर साबचा ट्रोलहेटान येथील कारखाना त्याच दशकात बंद पडला असता असे माझे मत आहे, आणि म्हणून डेट्रॉइटला सरसकट खलनायक ठरविणाऱ्या साबभक्तांच्या फिर्यादीत मी सामील होऊ इच्छीत नाही. एकच सांगाडा अनेक नावांखाली विकला तर खर्च वाटला जातो, हा जमाखर्च चोख होता. साबच्या नव्या 900 या गाडीच्या तळाशी जनरल मोटर्सच्याच ओपेलचा सांगाडा आला, तरी तिच्यावरून ट्रोलहेटानच्या इंजिनिअरांचा हात फिरलेला होता.

घात झाला तो पुढे. अमेरिकेतील विक्रेत्यांची दुकाने भरलेली दिसावीत एवढ्याच निकडीपायी जपानमधील सुबारू इम्प्रेझाला नवा मुखवटा चढवून 9-2एक्स, आणि ओहायोत तयार होणाऱ्या शेवरोले ट्रेलब्लेझरच्या कुळातली 9-7एक्स, अशा दोन गाड्या साबच्या नावाने बाजारात उतरविण्यात आल्या. पैकी पहिलीला ‘साबारू’ म्हणून लोकांनी आपला निकाल देऊन टाकला. दुसरीची कथा मला अधिक उद्बोधक वाटते. ट्रकच्या धर्तीच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या, ऑटोमॅटिक गियरमुळे जिच्यात रिव्हर्सच्या त्या जुन्या अटीला स्थानच उरले नव्हते, अशा या अवजड गाडीत मालकांनी खटाटोप करून किल्ली तेवढी दोन आसनांच्या मध्ये आणून बसविली. सनद गहाळ करावी आणि शिक्का जपून ठेवावा, तसाच हा प्रकार.

पुढे 2010 साली स्पायकर या चिमुकल्या डच कंपनीला साब विकण्यात आली, तरी गाड्यांतील कित्येक तंत्रांचे परवाने जनरल मोटर्सच्याच दप्तरी राहिले; आणि चिनी खरीददार पैसे घेऊन दारी उभे असता, ही तंत्रे परहस्ते जातील या सबबीवर पूर्वीच्या मालकाने मंजुरी नाकारताच, 19 डिसेंबर 2011 रोजी साबने नादारीचा अर्ज दाखल केला.