उंटावरून खाली उतरा!

मराठी भाषा दरिद्री आहे असे ज्याला वाटते, त्याने एकदा तिच्यातले शहाण्यांचे प्रकार मोजावेत. दीडशहाणा, अतिशहाणा, पढतमूर्ख, उंटावरचा शहाणा, अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. शिवाय संस्कृतातून आलेला पल्लवग्राही, म्हणजे ज्ञानवृक्षाची नुसती पालवी खुडणारा! उलट ज्याला खरोखरच अनेक विषयांत गती आहे, त्याच्या वाट्याला बहुश्रुत, चतुरस्र, हरहुन्नरी असे मोजकेच शब्द.

शब्दांशी आमचे भांडण नाही. ते भलत्याच्या माथी मारले जातात, याच्याशी आहे. घरातला मुलगा सकाळी नाणी जमवतो, दुपारी तबला बडवतो, रात्री गच्चीवर तारे पाहतो. लगेच आजोबांपासून मावशीपर्यंत सारे एकमुखाने म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या!’ आणि त्याच घरात फराळाचे ताट पुढ्यात घेऊन अर्थकारण, आयुर्वेद व क्रिकेट यांवर बेधडक निकाल देणारे काका मात्र ‘व्यासंगी’! मोबाइलवर सकाळी आलेला मजकूर दुपारी काकांचे ठाम मत झालेला असतो.

जुने शब्द जरा निरखून पाहा. पढतमूर्खासाठी समर्थांनी दासबोधात एक सबंध समास खर्च केला. पण हा मूर्ख भरपूर वाचलेला आहे. दीडशहाण्याला नडतो तो वरचा अर्धा. उंटावरचा शहाणा तर पोरांनाही ठाऊक आहे. रांजणात अडकलेले जनावराचे डोके सोडवायला तो आला, पण उंटावरून उतरेना. अखेर घराची भिंत पाडावी लागली! अनेक विषयांत डोकावतो म्हणून यांतल्या एकालाही आपल्या पूर्वजांनी दोष दिलेला नाही. दोष दिला तो तोऱ्याला. आणि ‘बहुश्रुत’ म्हणजे तरी काय? पुष्कळ ऐकलेला. त्या शब्दात बोलण्याचा उल्लेखही नाही.

१९०७ साली गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने गणिती. पण त्यांनी हजारो प्राचीन नाणी तोलली आणि चलनात जितके फिरावे तितके नाणे झिजते, या साध्या गोष्टीवरून नाण्यांचा कालक्रम लावण्याची रीत बसवली. १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवे वळण देणारा ग्रंथ लिहिला. पुण्याच्या आसपासचा मुलूख प्राचीन दगडी हत्यारे शोधत पायी तुडवला. पायी, वाचकहो, उंटावरून नव्हे! ‘भाराभर चिंध्या’ म्हणून लहानपणीच कोणी त्यांना एका खुंटीला बांधून ठेवले असते, तर इतिहासाला तो तराजू कोण देणार होते?

तेव्हा या दिवाळीत एवढे करा. नाणी जमवणाऱ्या पोराला विचारा, ‘हे नाणे इतके कसे रे झिजले?’ आणि काकांना विचारा, ‘काका, हे आपण कुठे वाचलेत?’ पोरगा डबा घेऊन धावत येईल. काका चहा मागतील.