मसाज सेंटर टाकताय? आधी जिना मोजा, मग टेबल घ्या



मागच्या व्हिडिओत पार्लरला जोडून छोटी मसाज रूम कशी सुरू करायची ते सांगितलं होतं. त्यावर प्रश्न नेहमीचेच आले. टेबल कितीला पडतं, लायसन्स लागतं का, इन्स्टावर जाहिरात कशी करू. पण पेणजवळच्या एका ताईंनी विचारलं, "मॅडम, आमच्या शेजारी सेरेब्रल पाल्सीचा मुलगा आहे, नऊ वर्षांचा. त्याची आई म्हणते, तू मसाज शिकलीस ना, मग याला पण कर. करू का?"

दोन ओळीत उत्तर देऊन मोकळी होणार होते. मग हात थांबला. एक तर हे दोन ओळींचं काम नाही. दुसरं म्हणजे याच बाबतीत मी एकदा चुकीचा सल्ला देऊन बसलेली आहे, आणि ते आज सांगूनच टाकते.

रोह्याच्या माझ्या एका विद्यार्थिनीला मी पहिल्या मजल्यावरचा गाळा घ्यायला लावला. तळमजल्यापेक्षा भाडं जवळजवळ निम्मं. बीबीएत डोक्यात बसलेलं, फिक्स्ड कॉस्ट कमी ठेवा. हिशोब कागदावर एकदम बरोबर होता. सेंटर सुरू झालं आणि महिन्याभरात एक काका रिक्षातून काकूंना घेऊन आले. काकूंना अर्धांगवायू होऊन गेलेला, उजवी बाजू कमजोर. सतरा पायऱ्या. आठव्या पायरीवर काकू खालीच बसल्या. काका म्हणाले, "राहू दे पोरी, पुन्हा कधीतरी येऊ." ते पुन्हा आले नाहीत. त्यानंतर ती फोनवर नीट ऐकायला लागली, तेव्हा लक्षात आलं की बरेच लोक रेट विचारायच्या आधी एकच गोष्ट विचारतात, "जिना आहे का?" आहे म्हटलं की फोन ठेवतात. म्हणजे भाड्यात वाचवलेले पैसे आम्ही गिऱ्हाईक परत पाठवण्यात घालवत होतो, आणि हा सल्ला माझा होता.

आता माझं मत सरळ सांगते. आपल्या पेण-रोह्यासारख्या गावात मसाजचा धंदा उभा करायचा असेल तर मुंबईच्या स्पाची स्वस्त कॉपी करू नका. मेणबत्त्या, दगडातून पाणी पडणारं ते कारंजं, पाच प्रकारचे पॅकेज, हे बघायला लोक एकदा येतात. वर्षभर येणारा माणूस वेगळा असतो. ज्याचं अंग रोज दुखतं, आखडतं, ज्याला स्वतःची कूस बदलायला दुसरा लागतो, तो आणि त्याच्या घरचे. आणि नेमकं त्याच्यासाठीच आपल्या सेंटरमध्ये काही नसतं.

अशी माणसं आहेत किती? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांच्या आसपास दिव्यांग नोंदले गेले. त्यानंतर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार ७ वरून २१ केले, त्यात ऑटिझम आला, पार्किन्सन आला, मल्टिपल स्क्लेरोसिस आला.  यांच्यासाठी मोठ्या सोयी बहुतेक मुंबईकडे. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पण रोह्याहून मेमूने दिव्याला, तिथून गाडी बदलून पुढे, मांडीवर दहा वर्षांचं पोर, हा प्रवास किती आया किती वेळा करणार? गावात कुणीतरी नीट हात लावणारं हवं, ही मागणी खरी आहे.

पण "नीट" या शब्दावर अडतं.

आपल्याकडे तेल लावण्याची परंपरा जुनी आहे. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बायकांच्या हातात खरंच गुण असतो, मी ते नाकारणार नाही. पण गडबड होते ती इथे. मुलाचे पाय कडक आहेत, कात्रीसारखे एकमेकांवर जातात, म्हणून "जोर लावून चोळ, सरळ होतील" असं घरातलेच सांगतात. नाही होत. सेरेब्रल पाल्सीत तो ताण मेंदूकडून येतो, स्नायूत गाठ बसलेली नसते. पटकन ओढलं, झटका दिला, की स्नायू उलटा आणखी आवळतो. मूल रडतं, आणि घरातले म्हणतात लागू पडतंय. अशा मुलाला हात हळू लागतो. पूर्ण तळवा टेकवून, एकसारखा दाब, एकच लय. गुडघ्याखाली उशी. पाठीवर झोपवून जमत नसेल तर कुशीवर. जेवण झाल्या झाल्या नाही. फिट येते का, हे आधी विचारायचं. आणि पाय सरळ करण्याचं वचन द्यायचंच नाही. मुलाला बरं वाटलं, अंग सैल झालं, रात्री शांत झोपलं, एवढंच आपलं काम. व्यायाम कोणता आणि किती, ते फिजिओथेरपिस्ट ठरवणार.

डाऊन सिंड्रोमचं मूल याच्या बरोबर उलट. अंग सैल, सांधे वाजवीपेक्षा जास्त वळतात. आपल्याला वाटतं वा, किती लवचिक आहे! पण यातल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर घट्ट बसलेले नसतात. मान ओढणं, फिरवणं, कडकन मोडणं अजिबात नाही. खरं तर सलूनमध्ये मान मोडण्याचा तो प्रकार कुणाच्याच बाबतीत करू नये असं माझं मत आहे, पण त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

ऑटिझम असलेल्या मुलाला पुष्कळदा हलका, गुदगुल्यासारखा स्पर्श सहन होत नाही आणि घट्ट, ठाम दाब चालतो. प्रत्येकाचं असंच असेल असं नाही, म्हणून आईला विचारा, आणि मुलाकडे बघत राहा. त्याला काय त्रास देतं ते आपल्याला कळतही नाही. तेलाचा वास, पंख्याची घरघर, ट्यूबलाइटचं लुकलुकणं, तुमच्या बांगड्यांचा आवाज. पहिल्या दिवशी मसाज झालाच पाहिजे असा हट्ट नको. खोली बघितली, टेबलाला हात लावला, घरी गेला, तरी चालेल. पुढच्या वेळी तोच वार, तीच वेळ, तोच माणूस, तोच क्रम. आधी हात, मग पाय, मग पाठ, हे चित्र काढून भिंतीवर लावा. दर वेळी नवीन मुलगी पाठवणाऱ्या सेंटरला हे गिऱ्हाईक टिकत नाही.

मोठ्यांमध्ये सगळ्यात जास्त भेटतील ते अर्धांगवायू झालेले आणि मधुमेहवाले. दोघांनाही काही भागात संवेदना कमी असू शकते. "गरम लागलं तर सांगा" हे वाक्य तिथे उपयोगाचं नाही, कारण त्यांना लागतच नाही. शेकाची पिशवी ठेवली आणि फोन घ्यायला गेलात तर कातडी भाजेल. पॅरालिसिसच्या बाजूचा हात खांद्यातून ओढायचा नाही, सांधा आधीच निसटता असतो. सतत खुर्चीत किंवा पलंगावर असलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचेवर लाल चट्टा दिसला तर तिथे चोळायचं नाही, घरच्यांना दाखवायचं. बेडसोअरची ती सुरुवात असू शकते. आणि एका पायाची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर मसाज रद्द, सरळ डॉक्टर. आत रक्ताची गुठळी असेल तर चोळून ती सुटू शकते आणि फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. त्या दिवशीचे पैसे गेले तर गेले.

ऐकू न येणाऱ्या गिऱ्हाइकाचं एक साधं असतं, जे कुणाच्या लक्षात येत नाही. पालथं झोपवलं की त्याला तुमचे ओठ दिसत नाहीत, हातवारे दिसत नाहीत. म्हणून आधीच ठरवा, टेबलावर दोनदा थाप म्हणजे थांबा. दिसत नसलेल्या माणसाला हात लावण्याआधी बोला.

आणखी एक. बोलायचं त्या माणसाशी. "यांना कुठे दुखतं?" असं सोबतच्याला विचारू नका, आधी त्यांनाच विचारा. बोलता येत नसेल तर मान, डोळे, हात, काहीतरी बोलत असतंच. त्याने हात मागे घेतला तर तो नकार आहे, आईने "कर गं, त्याचं असंच असतं" म्हटलं तरी. मूल असेल तर पालक खोलीतच बसतील आणि दाराला कडी लागणार नाही. हा नियम तुमच्याही संरक्षणाचा आहे.

आता धंद्याचं बोलू.

"स्पेशल" म्हणून वेगळा चार्ज लावू नका, आणि दया म्हणून फुकटही करू नका. फुकट काम आपण दोन महिने उत्साहाने करतो, मग टाळायला लागतो. रेट वेळेचा ठेवा. समजा तासाचे ५०० घेता. अशा गिऱ्हाइकाला येणं, बसणं, कपडे, उशा, परत खुर्चीत जाणं धरून दीड तास लागतो. मग ७५० सांगा, किंवा मसाज अर्ध्या तासाचा करून एका तासात बसवा. कुणालाही लागू होणारा एकच तक्ता भिंतीवर. आणि एक बघा, आपल्याकडे दुपारी बारा ते चार सेंटर रिकामंच असतं, गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस सोडले तर. त्या वेळेला घाईचं गिऱ्हाईक नसतं, आवाज कमी असतो, मागे कुणी ताटकळत नसतं. हीच वेळ यांना द्या. रिकामा तास भरला तर तो निव्वळ वाढीव आहे.

जागा घेताना भाड्याबरोबर पायरी मोजा. रॅम्पचं प्रमाण एकास बारा असतं. सहा इंचाची एक पायरी असेल तर रॅम्प सहा फूट लांब लागतो. तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट, म्हणजे तो तुमच्या गाळ्यासमोर मावणार नाही. मग दुसरा गाळा बघा. दार मोकळं ९० सेंटीमीटर हवं. आणि टेबल! मी स्वतः पार्लरचं सामान विकते, माझ्या दुकानात मसाज टेबल ठेवलेलं आहे, तरी सांगते, या कामाला ते उंच पडतं. व्हीलचेअरची बैठक साधारण अठरा-वीस इंचावर असते. सुताराकडून तेवढ्याच उंचीचा, रुंद, भक्कम दिवाण करून घ्या. तुम्ही शेजारी स्टुलावर बसून काम करा, नाहीतर तुमचीच कंबर जाईल. माणसाला उचलायचं काम आपलं नाही, ते घरच्यांनी करायचं. आणि खुर्चीतून हलवणं शक्यच नसेल तर खुर्चीतच खांदे, हात, तळवे, पावलं करा. त्यानेही पुष्कळ बरं वाटतं.

बोर्डावर "लकवा बरा होईल", "मधुमेह, फिट यावर खात्रीशीर इलाज" असलं काही लिहाल तर याद राखा. १९५४ च्या जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात ज्या आजारांची यादी आहे त्यात पॅरालिसिस, मधुमेह, अपस्मार हे सगळे आहेत. जाहिरात इन्स्टावर टाकली म्हणून सुटका नाही. "डॉक्टरांच्या सल्ल्यानंतर आरामदायी मसाज, खाली जागा, जिना नाही" एवढं लिहा. माझ्या मते यातले शेवटचे चार शब्द सगळ्यात जास्त गिऱ्हाईक आणतात.

हे शिकायचं कुठे? आठवड्याच्या कोर्समध्ये हे येत नाही, मी घेते त्यातही पुरेसं येत नाही, हे मान्य आहे. गावातल्या फिजिओथेरपिस्टला भेटा. स्पर्धक म्हणून नाही, "तुमचे पेशंट मला कसे सांभाळावे लागतील ते शिकवा" म्हणून. पेणमध्ये विशेष मुलांसाठी सुहित जीवन ट्रस्टसारखं काम चालतं. अशा ठिकाणी परवानगी घेऊन चार दिवस नुसतं बसा आणि बघा. शिक्षक मुलाला हात लावण्याआधी काय करतात, कसे वाकतात, किती वाट बघतात.

तर त्या पेणच्या ताई, करू का विचारलंत. लगेच नको. आधी त्या मुलाच्या आईबरोबर त्याच्या फिजिओकडे एकदा जाऊन या, काय करायचं नाही ते लिहून आणा. मग दहा मिनिटांपासून सुरू करा, फक्त हात आणि पावलं. वहीत तारीख, वेळ, काय केलं, त्याला कसं वाटलं ते लिहा. आणि पैसे घ्या, थोडे का होईना, पहिल्या दिवसापासून.

रोह्याच्या त्या मुलीने आता तळमजल्यावर गाळा घेतलाय. भाडं जास्त आहे, पहिले काही महिने ओढाताण झाली, माझ्यावर थोडी रागावलेलीही होती. तिची मंगळवार आणि शुक्रवारची दुपार आता ठरलेली असते. ती गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत जे प्रश्न विचारते त्यांचा एक पानी फॉर्म तिने मराठीत केलाय. तिच्या परवानगीने पुढच्या व्हिडिओत तो ओळ न् ओळ दाखवते. तोपर्यंत तुमच्या गाळ्याच्या दारातली पायरी टेपने मोजून किती इंच आहे ते खाली लिहा.