नोट आमच्या घामाची, नाव कुणाच्या बोलीचे?



ही पुस्तिका घ्यायला खिशातून वीसची नोट काढली असेल, तर ती लगेच पुढे करू नका. मूठ उघडा आणि नोट एकदा नीट वाचा. आपण कामगार माणसे जन्मभर नोटा मोजतो, वाचत कधीच नाही. पण राज्य कुणाचे, हे कायद्याच्या पुस्तकाआधी नाण्यावर लिहिलेले असते.

शिवाजी महाराजांना हे पुरते कळले होते. त्यांच्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी नागरी अक्षरे उमटली. त्या वेळी बादशाही नाण्यांवर फारसी चाले. सोन्याचा होन गरिबाने कुठे पाहायचा? शिवराई मात्र बाजारात भाजीवालीच्या ओट्यात पडत होती. तिच्या हातात तिची लिपी आली. याला म्हणतात राज्य!

मग इंग्रज आला. राणीछाप रुपया आला, राणीमागून एडवर्ड आला, जॉर्ज आले. आणि ही राजांची मुंडकी कुठे घडत होती? नाणी पडत होती आमच्या फोर्टातल्या टांकसाळीत. तिकिटे १९२६ पासून आणि नोटा १९२८ पासून नाशिक रोडच्या छापखान्यात निघू लागल्या. हात आमचे, मुंडके त्यांचे! गिरणीत तरी निराळे काय होते? ताणा आमचा, बाणा आमचा आणि थानावर छाप मालकाची.

१९४७ साली स्वातंत्र्य आले. २१ नोव्हेंबरला पहिले तिकीट निघाले, त्यावर तिरंगा आणि नागरीत 'जय हिंद'. पण नाण्यांवरचा राजा काही लगेच हलला नाही. १९५० च्या १५ ऑगस्टला नवी नाणी निघाली, तोवर स्वतंत्र देशातला कामगार जॉर्जचे तोंड पाहूनच पगार मोजत होता. नोटेवर राजाच्या जागी गांधीजींचे चित्र घालावे असा विचार आधी झाला होता, शेवटी सारनाथचे सिंह ठरले. आम्ही म्हणतो, चांगले ठरले. त्या सिंहांना ना जात, ना प्रांत. १९४९ च्या तिकिटांवर तर सांची आणि ताजमहालाच्या पंगतीला आमचा अजिंठा बसला, समुद्रापलीकडच्या घारापुरीची त्रिमूर्ती बसली.

पण १९५४ साली एक गंमत झाली. पाच हजारांची नोट निघाली आणि तिच्यावर आला गेटवे ऑफ इंडिया! पाचवा जॉर्ज १९११ साली अपोलो बंदरावर उतरला, त्याची आठवण म्हणून बांधलेली ही कमान. मुंडके गेले आणि त्याची कमान नोटेवर आली. तरी कमानीवर आमचा राग नाही. १९४८ च्या फेब्रुवारीत गोऱ्यांची शेवटची पलटण तिच्याच खालून बोटीकडे गेली. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या नोटेवर मुंबई होती, ती मुंबईच्या कामगाराने कधी डोळ्यांनी पाहिली नाही. १९७८ साली ती रद्दही झाली. लालबागच्या चाळीत ना तिच्या येण्याचा गुलाल उडाला, ना जाण्याचे सुतक पडले.

तिकिटांनी मात्र पुढे न्याय केला, हे कबूल केले पाहिजे. टिळक १९५६ साली आले, शिवाजी महाराज १९६१ साली, परळच्या चाळीत राहिलेले बाबासाहेब १९६६ साली, जोतीराव १९७७ साली. २००२ साली अण्णा भाऊ साठे आले. आणि गिरणी कामगाराला १८९० साली रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे? ते यायला २००५ साल उजाडले. तोवर गिरण्यांचे भोंगेच बंद पडत चालले होते आणि गावी पत्र धाडायची सवयही मोडली होती.

म्हणून आता नोट पाहायची. ती चहावाल्यापासून शेटजीपर्यंत सगळ्यांच्या हातून फिरते. २०१९ साली निघालेल्या हिरवट पिवळ्या वीसच्या नोटेवर आमचे वेरूळ आहे. छाती भरून येते. पण खालचे नाव वाचा. तिथे 'एलोरा' लिहिले आहे! तिथला शेतकरी वेरूळ म्हणतो, एस्टीच्या पाटीवर वेरूळ असते आणि नोटेवर मात्र साहेबाच्या जिभेवरचे नाव.

कुणी म्हणेल, नावाने काय पोट भरते? अहो, मस्टरवर नाव चुकले की पगार अडतो, हे कामगाराला कुणी शिकवायला नको. स्वतंत्र भारताच्या नोटांवर हिंदीत 'रुपया' लिहावे की 'रुपये', यावर वाद झाला आणि निकाल 'रुपये' असा लागला. काना की मात्रा यावर खल करायला वेळ होता, तर एका गावाच्या नावाला का नसावा? १९६० साली या राज्याला 'महाराष्ट्र' हे नाव मिळाले, तेसुद्धा कुणी ओवाळणीत टाकले नव्हते. त्यासाठी माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या.

हे भांडण दुसऱ्या कुठल्या भाषेशी नाही. नोटेच्या मागे पंधरा भाषांची ओळीने पाटी आहे. त्यात मराठी आठवी, सात वर आणि सात खाली. आमच्या गिरणीखात्यातही असेच होते. या साच्यावर कोकणी, त्या साच्यावर घाटी, पलीकडे तेलुगू पद्मशाली, शेजारी उत्तरेकडचा भैया. म्हणून आम्ही मागतो ते सगळ्यांसाठी मागतो. नोटेवर ज्या गावाचे चित्र, त्या गावचे नाव तिथल्या लोकांच्या भाषेत आणि त्यांच्याच लिपीत आले पाहिजे. हंपीचे कानडीत, कोणार्कचे उडियात, राणीच्या वावेचे गुजरातीत आणि वेरूळचे मराठीत!

नोटेचे रूप केंद्र सरकार ठरवते, रिझर्व बँकेच्या मध्यवर्ती मंडळाच्या शिफारशीवरून. ती बँक आपल्या फोर्टातच आहे. तेव्हा एक पोस्टकार्ड घ्या आणि तिला मराठीत लिहा: वेरूळला वेरूळ म्हणा. आणि आज घरी गेल्यावर पोराला मांडीवर घ्या, नोट उलटी करा आणि आठव्या ओळीवर त्याचे बोट ठेवा. त्याला म्हणावे, वाच, ही तुझी भाषा.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!