तिला कोणी विचारले?

आपल्या घरातल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीचे पोट दुखू लागले, फुगल्यासारखे दिसू लागले, की आपण आधी दार लावून घेतो. पाळीचे असेल, गॅस असेल, म्हणून ओवा-हिंग चालू होते. सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली तरी ती कसली, हा प्रश्न मागे राहतो; बाहेर कळले तर स्थळे येतील का, हा पुढे येतो. मग ओळखीचे कोणी भेटणार नाही अशा लांबच्या गावी ऑपरेशन गुपचूप उरकले जाते. सर्जनला कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा अनुभव आहे का, हे विचारायला त्या घाईत सवड नसते. गाठ कर्करोगाची असली आणि काढताना पोटात फुटली, तर अंडाशयाच्या आवरणात बंद असलेला रोग बाहेर सांडतो आणि त्याची पायरी (स्टेज) तिथल्या तिथे पुढे सरकते. आपण अब्रू झाकली असे आपल्याला वाटत असते. प्रत्यक्षात मुलीच्या वाट्याची वेळ आणि संधी आपण खर्च केलेली असते.

संधी म्हणतो, कारण ती खरोखर आहे. कोवळ्या वयात होणाऱ्या अंडाशयाच्या कर्करोगांत जननपेशींपासून उद्भवणाऱ्या गाठी बऱ्याच असतात. त्या बहुधा एकाच बाजूला असतात आणि केमोथेरपीला उत्तम दाद देतात. अशा मुलीचे, तसेच ज्या तरुण स्त्रीचा रोग एकाच अंडाशयात अडवलेला आहे तिचे, आजारी अंडाशय आणि त्या बाजूची नलिका तेवढी काढून गर्भाशय व दुसरे अंडाशय राखता येते. त्यासाठी रक्तातले एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच, सीए-१२५ हे गाठीचा अंदाज देणारे घटक आधी पाहावे लागतात. शस्त्रक्रियेत पोटातले पाणी, पोटातल्या चरबीच्या पडद्याचा भाग आणि संशयित जागांचे तुकडे तपासायला घ्यावे लागतात, म्हणजे रोग खरोखर तेवढ्यातच आहे याची खात्री पटते. सगळ्यांना हे लागू नाही. गाठ जननपेशींची नसेल आणि रोग पसरला असेल किंवा पेशी उग्र असतील, तर जीव आधी. राखल्यानंतरही वर्षानुवर्षे तपासण्या चुकवून चालत नाही. पण जिथे राखता येण्यासारखे होते तिथे भीतीपोटी किंवा अज्ञानापोटी दोन्ही अंडाशये गेली, की पंचविशीतच रजोनिवृत्ती येते. रात्री अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. मूल होणे न होणे हा त्या नुकसानीचा एक भाग आहे, सगळे नुकसान नव्हे.

आता तपासणीच्या खोलीत डोकावू. डॉक्टर वडिलांशी बोलत आहेत. आई विचारते, "लग्नाला अडचण येणार नाही ना?" मुलगी कडेच्या स्टुलावर फाईल मांडीवर घेऊन बसली आहे. तिला विचारले जाते ते एवढेच, की शेवटची पाळी कधी आली होती. बाहेर पडताना मामा कुजबुजतो, "तिला कॅन्सर म्हणून सांगू नका." संमतीपत्रावर सही वडिलांची होते. गर्भाशय राखायचे ठरले, तरी ते कोणासाठी राखले? अजून न पाहिलेल्या सासरासाठी. तिच्या जागी दोन मुलांची आई असती, तर याच खोलीत, याच माणसांनी, "पिशवीचा आता काय उपयोग" म्हणून सगळे काढायला मान डोलावली असती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढली जात असल्याचे २०१९ मध्ये चव्हाट्यावर आले आणि सरकारला समिती नेमावी लागली. तिथे कर्करोगाचा प्रश्न नव्हता, पण समजूत हीच होती: बाईचे अवयव तिच्या उपयोगासाठी नसतात, घराच्या उपयोगासाठी असतात. ही समजूत आजीकडून आईने आणि आईकडून आपण, न तपासता घेतली. लिहिणारा मीही त्याच घरांत वाढलो आहे.

कायदा आपल्या पुढे गेला आहे. दिल्लीतली एक चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित स्त्री दुर्बिणीतून तपासणीसाठी बेशुद्धावस्थेत टेबलावर असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशये काढली गेली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला, की रुग्ण सज्ञान होती, जीव लगेच जाण्याचा प्रसंग नव्हता, तेव्हा आईची संमती ही तिची संमती होऊ शकत नाही. हा निकाल लागून इतकी वर्षे झाली, तरी आपल्या घरांत सही अजून बापाचीच.

अशा रूढीला पूर्वीही नकार मिळाला आहे. विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असा निर्धार मुंबईतल्या नाभिकांनी १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने केला. ती रूढीही घराच्या अब्रूच्याच नावाने चालत होती, आणि तिला नकार आला तो ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांच्याकडून. आज सुरी ज्यांच्या हातात आहे त्या डॉक्टरांनी आणि मुलीला दवाखान्यात घेऊन जाणाऱ्या आपण तसेच ठरवायचे आहे. गाठीचा संशय आला की मुलीला कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडे उघडपणे न्यायचे. भूल देण्याआधी, नातेवाइकांना बाहेर बसवून, तिला रोगाचे नाव सांगायचे, काय काढावे लागेल आणि काय राखता येईल ते सांगायचे, राखण्यातला धोकाही सांगायचा. आणि तिला मूल हवे आहे की नाही, हे तिलाच विचारायचे.