छायाचित्र : हौसेचे आणि पुराव्याचे

नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळच्या जंगलात, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांना सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसलेला एक पिंगळा दिसला. त्यांनी त्याचे चित्रीकरण केले आणि १८८४ नंतर ज्याची एकही खात्रीलायक नोंद नव्हती तो रानपिंगळा जिवंत असल्याचे सिद्ध झाले. नामशेष समजला गेलेला हा शिकारी पक्षी कॅमेऱ्याने परत मिळवून दिला. आज त्याच कॅमेऱ्याची गर्दी त्याच्या ढोलीभोवती होऊ लागली असेल, तर त्याचा विचार थोडा कठोरपणेच करावा लागेल.

पूर्वी अपरिचित पक्षी ओळखण्याचा मार्ग एकच होता. तो मारावयाचा, कातडे भरावयाचे आणि चिठ्ठी बांधून संग्रहालयात ठेवावयाचे. पुढे काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आलेले अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये रानपिंगळ्याचे वर्णन केले ते अशाच कातड्यावरून. एकोणिसाव्या शतकातले असे अवघे सात नमुने उपलब्ध होते. त्यांतलाच एक, खानदेशात मिळालेला, कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याने ब्रिटिश संग्रहालयातून चोरला आणि आपण तो १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे मिळविला, अशी खोटी चिठ्ठी लावून पुन्हा सादर केला. त्या चिठ्ठीवर विसंबून मांडवीच्या परिसरात शोध घेणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही. ही लबाडी उघडकीस आली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. खोटे नाणे पाडणारा सुटून जातो आणि भुर्दंड पडतो तो ते विश्वासाने घेणाऱ्यावर, हा व्यवहारातला अनुभव ज्ञानाच्या बाजारातही येतो.

छायाचित्र म्हणजे निर्विवाद पुरावा, असे मात्र कोणी समजू नये. १९६८ मध्ये रानपिंगळा सापडल्याचा दावा छायाचित्रासह करण्यात आला होता; ते छायाचित्र गावोगावच्या वडा-पिंपळावर दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याचे निघाले. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, पंख व शेपटीवर रुंद पट्टे आणि नख्या अधिक भक्कम असतात. शिवाय तो दिवसाउजेडी शिकार करतो. म्हणजे ओळख पटण्यासाठी डोके, छाती आणि शेपटी दिसणारी दोन-चार चित्रे, तारीख आणि ठिकाण एवढेच लागते. ही चित्रे लांबून घेतलेली, किंचित धूसर असली तरी चालते. ओळखीसाठी पक्ष्याच्या डोळ्यातली चमक लागत नाही. ती स्पर्धेसाठी लागते.

येथेच पुराव्याचे आणि हौसेचे छायाचित्र यांचे मार्ग वेगळे होतात. अर्थशास्त्रातील घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत येथे चपखल लागू पडतो. एखाद्या जंगलातले पहिले छायाचित्र अनमोल, दहावे उपयोगी, त्याच ढोलीसमोर काढलेल्या हजाराव्या चित्राने ज्ञानात पडणारी भर जवळजवळ शून्य. उपद्रव मात्र असा घटत जात नाही. ध्वनिमुद्रित आवाज ऐकविला की, आपल्या हद्दीत परका आला या समजुतीने पक्षी शिकार सोडून धावून येतो. पिलांचा घास तेवढा लांबतो. प्रत्येक जण म्हणतो, ‘माझ्या पाच मिनिटांनी काय बिघडते?’ त्याच्यापुरते ते खरेही असेल. पण पाच मिनिटांची बेरीज पक्ष्याच्या वाट्याला येते, छायाचित्रकाराच्या नव्हे.

कायदा याबाबत मुका नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणेही अंतर्भूत आहे. बंदूक न उचलताही माणूस शिकारी ठरू शकतो, हे हौशी मंडळींपैकी कितीजणांना ठाऊक असते?

तथापि सरसकट बंदी हा उपाय नव्हे. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा परिसरात २०१४ मध्ये रानपिंगळा आढळला आणि त्याच्या वसतिस्थानाची कल्पनाच बदलली. मेळघाट, यावल यांच्या पलीकडे, अपेक्षा नसलेल्या रानात कॅमेरा घेऊन हिंडणारी माणसे नसती तर अशा नोंदी कोठून मिळाल्या असत्या? वनखात्याची कचेरी काही हे काम एकटी करू शकणार नाही. बंदी घालायची ती ज्ञात घरट्यांजवळ, विणीच्या काळात आणि मुद्रित आवाजाच्या वापरावर. तेथे अपवाद असावा तो केवळ परवानगी घेतलेल्या संशोधकांचा.

राहतो प्रश्न ठिकाणाचा, आणि तो खरोखर अवघड आहे. ठिकाणावाचून नोंदीला किंमत नाही. मांडवीच्या चिठ्ठीने ते पुरेसे दाखवून दिले. पण ठिकाण जाहीर होताच पुढच्या रविवारी तेथे मोटारी उभ्या राहतात. म्हणून नेमके ठिकाण वनखाते आणि अभ्यासक यांच्यापाशी नोंदवावे, लोकांसाठी जिल्ह्याचे नाव पुरे. मूळ छायाचित्र काटछाट न करता सोबत द्यावे, म्हणजे पुढे शंका आल्यास पडताळा घेता येईल. वाटाडे म्हणून जाणाऱ्या स्थानिक आदिवासी तरुणांची मजुरीही अशी ठरवावी की पक्षी जवळून दाखविण्यावर ती अवलंबून राहणार नाही. दिवसाची मजुरी ठरलेली असली आणि पक्षी दिसो वा न दिसो ती मिळणार असली, तर ‘साहेब, यापुढे जाऊ नका’ असे म्हणणे त्याला परवडेल.